डिगॉक्सिनबरोबर दुसरी गोळी

हृदयाचे ठोके आवरणारं डिगॉक्सिन हे डिजिटॅलिस प्रजातीतल्या वनस्पतीपासून मिळतं. औषधाची आणि विषाची मात्रा यांत इथे फारच थोडं अंतर असतं. क्विनिडीन हे हृदयाचंच दुसरं औषध डॉक्टर अनेक दशकं त्याच्या जोडीने देत आले. १९७८ मध्ये संशोधकांनी अशा रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा डिगॉक्सिनचं प्रमाण सुमारे दुप्पट झालेलं दिसलं. गोळी तीच, मात्रा तीच!

कारण पुढे उलगडलं. आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन पंपासारखं डिगॉक्सिन बाहेर फेकत असतं. क्विनिडीन तो पंपच अडवतं.

म्हणून आज हा पंप अडवण्याची शंका असलेलं नवं औषध अनेकदा डिगॉक्सिनबरोबरच तपासतात. निरोगी स्वयंसेवकांना आधी नुसतं डिगॉक्सिन देऊन ठरावीक वेळाने रक्त घेतात. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे मध्ये पुरेसे दिवस मोकळे सोडतात. मग दोन्ही औषधं देऊन पुन्हा तेच. दोन्ही वेळचे आलेख शेजारी ठेवले की फरक कळतो. मात्र खरा रुग्ण बहुधा वयस्कर, मूत्रपिंड थकलेला असतो. त्याला धोका अधिक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

क्लॅरिथ्रोमायसिन हे नेहमीच्या वापरातलं अँटिबायोटिकही हाच पंप अडवतं. घरात कुणाला डिगॉक्सिन चालू असेल, तर कुठलंही नवं औषध घेण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मळमळ, भूक मरणं, पिवळसर दिसणं जाणवलं तर लगेच दाखवा.