ब्रिटनचं नौदल ‘रॉयल’, हवाई दल ‘रॉयल’, मग लष्करच ‘रॉयल’ का नाही?

ब्रिटनचं नौदल म्हणजे रॉयल नेव्ही. हवाई दल म्हणजे रॉयल एअर फोर्स. जहाजावरून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक म्हणजे रॉयल मरीन्स. आणि लष्कर? ते मात्र नुसतंच ‘ब्रिटिश आर्मी’.

गंमत बघा, बकिंगहॅम पॅलेसबाहेर लाल डगला आणि अस्वलाच्या कातडीची उंच टोपी घालून जे पहारेकरी उभे असतात, ते याच लष्कराचे जवान. भरती होताना ते शपथही राजाच्या नावानंच घेतात. तरी लष्कराच्या नावात राजा नाही. ‘लष्कराला रॉयल म्हणायचं नाही’ असा कुठला कायदाही नाही. मग असं का झालं?

ज्या देशानं फौजफाट्याच्या जोरावर अर्ध्या जगात हातपाय पसरले, त्या देशातले लोक शतकानुशतकं एका फौजेला फार घाबरून होते. ती फौज शत्रूची नव्हती. त्यांची स्वतःचीच होती.

राजाकडे कायमची फौज नव्हतीच

इंग्लंडला चारही बाजूंनी शत्रू नव्हते. उत्तरेला स्कॉटलंड सोडलं तर बाकी सगळीकडे समुद्र. त्यामुळे फ्रान्स किंवा स्पेनसारखी बारमाही खडी फौज पोसायची इंग्लंडच्या राजांना गरजही नव्हती आणि तेवढा पैसाही नव्हता. लढाई आली की माणसं गोळा करायची, लढाई संपली की त्यांना घरी पाठवायचं. एरवी गावोगावच्या लोकांमधूनच मिलिशिया नावाची हंगामी फौज उभी राहायची.

राजा पहिला चार्ल्स याच्या काळात हे गणित बिघडलं. त्यानं परदेशी मोहिमा काढल्या. सैनिकांना ठेवायला जागा नाही म्हणून त्यांना लोकांच्या घरांत घुसवलं. अनोळखी, हत्यारबंद माणसं घरात येऊन राहणार, खाणार-पिणार आणि तक्रार कुणाकडे करायची तेही माहीत नाही. लोक वैतागले. १६२८ साली संसदेनं राजापुढे ‘पिटिशन ऑफ राइट’ ठेवलं, त्यात ही सक्ती थांबवा अशी स्पष्ट मागणी होती.

पुढे राजा आणि संसद यांचं फाटतच गेलं. जानेवारी १६४२ मध्ये चार्ल्स हत्यारबंद माणसं घेऊन थेट संसदेत घुसला. पाच खासदारांना पकडायचं होतं, पण ते आधीच सटकले होते. त्या दिवसापासून आजपर्यंत कामकाज चालू असताना एकाही राजानं किंवा राणीनं हाउस ऑफ कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं.

संसदेनं फौज उभी केली, फौजेनं संसदच बंद केली

राजाशी लढायला संसदेनं १६४५ मध्ये ‘न्यू मॉडेल आर्मी’ उभी केली. शिस्तीची, बऱ्यापैकी नियमित पगाराची आणि धर्मावर कडवी श्रद्धा असलेली ही फौज होती. तिच्या घोडदळाचा म्होरक्या होता ऑलिव्हर क्रॉमवेल. नेझबीच्या लढाईत तिनं राजाचं कंबरडं मोडलं.

संसद जिंकली, पण खरा पेच इथून पुढे सुरू झाला. आता या फौजेचं करायचं काय? पगार थकलेले. राजाशी तडजोड करावी असं अनेक खासदारांचं मत, तर फौजेचा त्याला कडाडून विरोध. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल थॉमस प्राइड सैनिक घेऊन संसदेच्या दारात उभा राहिला आणि नको असलेल्या खासदारांना त्यानं आत जाऊच दिलं नाही. उरलेल्या खासदारांच्या नावावर राजाचा खटला चालला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं. चार वर्षांनी, १६५३ मध्ये, क्रॉमवेलनं ते उरलेसुरले खासदारही बंदुकधारी सैनिक आणून हाकलले.

म्हणजे ज्या संसदेनं ही फौज जन्माला घातली, तिलाच या फौजेनं टाळं लावलं.

१६५५ मध्ये तर क्रॉमवेलनं इंग्लंड आणि वेल्सचे तुकडे पाडून प्रत्येकावर एकेक मेजर-जनरल बसवला. हे लष्करी अधिकारी नुसता बंदोबस्त बघत नव्हते. घोड्यांच्या शर्यती बंद, कोंबड्यांच्या झुंजी बंद, दारूच्या गुत्त्यांवर धाडी. वर या बंदोबस्ताचा खर्च राजाच्या जुन्या समर्थकांकडून कर लावून वसूल केला जायचा. हा प्रयोग जेमतेम दोन वर्षांत गुंडाळावा लागला, पण त्याची चीड लोकांच्या मनात पुढची शंभर-दीडशे वर्षं टिकली. नंतरच्या काळात संसदेत कुणी ‘खडी फौज’ म्हटलं की समोरच्यांना क्रॉमवेल आठवायचा.

क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला आणि दोन वर्षांत राजेशाही परत आली. दुसऱ्या चार्ल्सनं न्यू मॉडेल आर्मीचा पगार चुकता करून तिला घरी पाठवलं. त्यातली जनरल मंकची पलटण मात्र राहिली. फेब्रुवारी १६६१ मध्ये टॉवर हिलवर तिनं जुन्या सरकारची शस्त्रं खाली ठेवली आणि राजाच्या सेवेत पुन्हा उचलली. हेच आजचे कोल्डस्ट्रीम गार्ड्स. राजाचं संरक्षण करणाऱ्या या पलटणीचा जन्म राजाविरुद्ध लढलेल्या फौजेत झालेला आहे.

१६८९ची ती अट

दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला आणि जुनी भीती पुन्हा वर आली. १६८५ मध्ये एक बंड मोडल्यावर त्यानं फौज वाढवली आणि लंडनच्या अगदी उंबऱ्यावर, हाउन्स्लोच्या माळावर तिची छावणी टाकली. तो स्वतः कॅथलिक होता आणि कायदा डावलून कॅथलिक अधिकारी नेमत होता. प्रोटेस्टंट इंग्लंडला यातून जो अर्थ काढायचा तो त्यांनी काढला. १६८८ मध्ये त्याचा डच जावई विल्यम फौजेसह इंग्लंडमध्ये उतरला, जेम्सचे अधिकारी त्याला जाऊन मिळाले आणि जेम्स फ्रान्सला पळाला.

संसदेनं विल्यमला मुकुट दिला, पण अटींसकट. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’मध्ये एक कलम घातलं गेलं. त्याचा मतलब असा, की शांततेच्या काळात संसदेच्या संमतीशिवाय राज्यात खडी फौज उभारणं किंवा बाळगणं बेकायदा आहे.

लष्कराच्या नावात ‘रॉयल’ का नाही, याच्या मुळाशी हेच कलम आहे असं सहसा सांगितलं जातं. फौज राजाची खासगी मालमत्ता नाही, संसद ‘हो’ म्हणते तोवरच ती आहे. याला जोडून दुसरंही एक कारण आहे. जुन्या काळी पलटणी वेगवेगळ्या कर्नलनी आपापल्या नावानं उभ्या केल्या. त्यामुळे ‘रॉयल’ हा मान पलटणीपलटणीला सुटा मिळत गेला. रॉयल आर्टिलरी आहे, रॉयल इंजिनीयर्स आहेत, पण सगळ्यांची मिळून रॉयल आर्मी नाही.

आता कलम लिहिलं, पण ते पाळायला लावायचं कसं? इथे संसदेनं खरी मेख मारली. त्याच वर्षी इप्सविच इथे एका स्कॉटिश पलटणीनं बंड केलं. शांततेच्या काळात सैनिक पळून गेला किंवा त्यानं हुकूम मोडला, तर त्याच्यावर लष्करी कोर्टात खटला भरायची कायद्यात सोयच नव्हती. म्हणून संसदेनं ‘म्युटिनी ॲक्ट’ केला आणि त्याला थोड्याच काळाची मुदत ठेवली. मुदत संपली की पुन्हा संसदेपुढे या. मध्ये एखादा खंड पडला, पण पुढे हा कायदा वर्षानुवर्षं नव्यानं मंजूर होत राहिला. मंजुरी अडली, तर अधिकाऱ्याचा हुकूम मानायला सैनिकाला भाग पाडणार कोण? फौजेचा पगारही संसदेच्याच हातात.

संसद याबाबत किती हट्टी होती ते विल्यमलाच कळलं. फ्रान्सशी युद्ध थांबताच संसदेनं इंग्लंडमधली फौज छाटून ७ हजारांवर आणली. त्याच्या लाडक्या डच गार्ड्सनाही मायदेशी परतावं लागलं. विल्यम इतका भडकला, की राज्य सोडून जायची भाषा करू लागला.

नौदलाचं मात्र सगळं माफ

नौदलाच्या शिस्तीचा कायदा १६६१ साली झाला होता. त्याला दरवर्षीच्या मुदतवाढीची भानगड नव्हती. कारण साधं होतं. जहाजं संसदेच्या दारात येऊन उभी राहू शकत नाहीत. नौदलामुळे देश वाचतो, व्यापार चालतो आणि खलाशी वर्षातला बराच काळ नजरेआड असतात. युद्धकाळात हेच नौदल बंदरांतून माणसं अक्षरशः उचलून जहाजावर नेत असे, ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल गरिबांची ओरड होती, पण मत देणाऱ्या जमीनदारांना त्याची झळ नव्हती.

लष्कराला राहायला धड बराकीही नव्हत्या. इंग्लंडमधले सैनिक अठराव्या शतकात बहुतेक करून गुत्त्यांत आणि सरायांत विखरून ठेवलेले असत. एकत्र बराकीत राहिले, तर लोकांपासून तुटतील आणि राजाचं हत्यार होतील, हा त्यामागचा विचार. मोठ्या प्रमाणावर बराकी बांधायला सुरुवात झाली ती १७९० च्या दशकात, फ्रेंच राज्यक्रांतीची धास्ती घेतल्यावर. १८२९ मध्ये लंडनचे पोलीस उभे राहिले तेव्हा त्यांना मुद्दाम निळा गणवेश दिला, कारण लाल म्हणजे फौज हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. सक्तीची लष्करभरती तर ब्रिटननं पहिल्या महायुद्धातही १९१६ उजाडेपर्यंत टाळली.

पण हा नियम होता कुणासाठी?

आता या सगळ्या गोष्टीची दुसरी बाजू. विल्यमच्या काळात इंग्लंडमध्ये ७ हजार सैनिकही जास्त वाटत होते, तेव्हा आयर्लंडमध्ये १२ हजारांची फौज ठेवायला याच संसदेची हरकत नव्हती. खर्च आयर्लंडच्या करांतून. फौज तयार राहणार, पण इंग्लंडच्या दारात नाही आणि इंग्लंडच्या खिशातूनही नाही.

भारतात हीच युक्ती कितीतरी मोठी झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन फौजा होत्या. १८५७ च्या सुमारास त्यांत दोन लाखांहून जास्त हिंदी शिपाई होते. म्हणजे ब्रिटनमध्ये शांततेच्या काळात कधी ठेवली नसती एवढी मोठी खडी फौज. पगार इथल्या शेतसाऱ्यातून आणि इथल्या रयतेची संमती कुणी विचारलीच नाही. १८५८ मध्ये सत्ता कंपनीकडून राणीकडे गेली, तेव्हा भारताचा पैसा भारताबाहेरच्या मोहिमांवर वापरायला ब्रिटिश संसदेची संमती लागेल, असं कायद्यात आलं. संमती संसदेचीच.

हा विरोधाभास एकदा थेट संसदेतच उघडा पडला. १८७८ मध्ये रशियानं तुर्कस्तानला हरवलं होतं. रशियाला वचक बसावा म्हणून ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी सुमारे ७ हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी भूमध्य समुद्रातल्या माल्टाला आणायचं ठरवलं. बातमी फुटली ती संसदेला ईस्टरची सुटी लागल्या लागल्या. विरोधक खवळले. लॉर्ड हार्टिंग्टन यांनी ठराव आणला. मुद्दा तोच जुना : संसदेनं सैनिकांची जी संख्या मंजूर केली, त्याबाहेरची फौज राणीच्या सरकारनं युरोपात आणलीच कशी? आज माल्टा, उद्या लंडन कशावरून नाही?

सरकारचं उत्तर असं, की १६८९ च्या कायद्यातले ‘राज्यात’ हे शब्द ब्रिटनपुरते आहेत, माल्टासारख्या वसाहतींना ते लागू नाहीत. ठराव पडला. तोफा न चालवताच बर्लिनला तह झाला. पण त्या चर्चेत विरोधकांना काळजी होती ती ब्रिटिश स्वातंत्र्याची. ज्यांच्या खर्चानं ती फौज एरवी पोसली जात होती, त्यांचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता.

आज काय परिस्थिती आहे?

दरवर्षीच्या त्या कायद्याचं नाव बदललं, रूप बदललं, पण मुदतीची अट अजून आहे. १९५५ पासून दर पाच वर्षांनी नवा कायदा करावा लागतो आणि अधल्यामधल्या वर्षांत संसदेची वार्षिक मंजुरी. आता तिन्ही दलांना मिळून एकच कायदा लागतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानं ही मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत नेली. त्याआधी नवा कायदा हवा.

एक फट मात्र राहिलीच आहे. फौज ठेवायला संसदेची संमती लागते, पण ती युद्धावर पाठवायला कायद्यानं लागत नाही. तो अधिकार राजाच्या नावानं पंतप्रधान वापरतात. २००३ मध्ये इराकवर हल्ल्याआधी संसदेत मतदान झालं. २०१३ मध्ये सीरियाबाबत सरकार मतदानात हरलं आणि मागे हटलं. २०१८ मध्ये सीरियावर हवाई हल्ले झाले, तेव्हा आधी मतदान घेतलंच नाही.

भारतातही नावांची हीच विभागणी आली होती. नौदल रॉयल इंडियन नेव्ही, हवाई दल रॉयल इंडियन एअर फोर्स आणि लष्कर नुसतं इंडियन आर्मी. ‘रॉयल’चा मान इथेही सुट्या पलटणींनाच मिळाला. खडकीच्या सॅपर्सचं नाव होतं रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स आणि पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेनंतर मराठ्यांच्या ११७ व्या पलटणीलाही तो मान दिला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या नावातून ‘रॉयल’ गेलं. लष्कराच्या नावातून काढण्यासारखं काही नव्हतंच.