हिमाचे थर आणि माणसाचे पाऊल

हिम म्हटले की आम्हां सखल प्रदेशातील लोकांच्या डोळ्यांपुढे पिंजलेल्या कापसासारखी शुभ्र, मऊ वस्तू उभी राहते. तिच्याखाली माणूस गुदमरून मरतो, हे आमच्या कल्पनेला सहजासहजी पटत नाही. परंतु महाराष्ट्रातील तरुण आता मोठ्या संख्येने गढवाल, कुमाऊँ आणि लाहौलच्या वाटा तुडवू लागले आहेत. त्यामुळे हिमस्खलन, म्हणजे डोंगरउतारावरून हिमाचा लोट सुटणे, हा विषय केवळ भूगोलाच्या पुस्तकापुरता राहिलेला नाही.

डोंगरावरचे हिम हा एकजिनसी ढीग नसतो, हे प्रथम ध्यानात घेऊ. प्रत्येक हिमवृष्टीचा एक निराळा थर बसतो. हिवाळ्याच्या आरंभी हे आवरण पातळ असते. त्याच्या तळाशी जमिनीची थोडी ऊब असते आणि वरची हवा मात्र कडाक्याची थंड असते. उबेकडून थंडीकडे हिमातूनच बाष्प सरकते. त्यामुळे तळाच्या कणांची परस्परांवरील पकड सुटते व त्यांचे जाड साखरेसारखे मोकळे दाणे बनतात. पुढे नवे हिम पडते, वारा ते दाबून घट्ट करतो. साखरेवर शहाबादी फरशी ठेवावी तशी ही रचना होते. उतारावर ही फरशी एका जागी तडकली की तडा क्षणार्धात दूरवर धावतो आणि सबंध थरच्या थर घसरू लागतो.

उताराचाही हिशेब आहे. अशी बहुतेक स्खलने सुमारे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर हिम फारसे साठत नाही, ते वरचेवर झडून जाते. तथापि सुटलेला लोट खालच्या सपाटीवरही दूरवर पसरतो. म्हणून तंबू सपाटीवर ठोकला एवढ्याने निर्धास्त होता येत नाही.

हाका मारल्याने हिम कोसळते, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. गिर्यारोहकांच्या बहुतेक अपघातांत लोट सुटतो तो त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी भाराने. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे चालत नाही. कारण पुढच्यास ठेच लागली की मागचाही त्याच लोटात जातो. उलट, पुढचे चौघे सुखरूप गेले म्हणून पाचवा सुरक्षित ठरत नाही. त्याच्याच पावलाखाली थर पातळ असू शकतो.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का दांडा-२’ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक हिमस्खलनात सापडले आणि २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. अनुभव मोठा खरा, पण हिम अनुभवाची भीड धरीत नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाला वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनवर गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, पण तेही तीन दिवसांनी गेले. बाहेरची मदत यायला तास लागतात. म्हणून सुटका करायची ती सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारे व घेणारे यंत्र, चाचपणीची लांब सळई आणि फावडे हवे.

हिम आधी इशाराही देते. गेल्या दिवसभरात झालेली मोठी वृष्टी, वाऱ्याने आणून टाकलेले हिम, एकाएकी वाढलेली ऊब, शेजारच्या उतारावरचे ताजे स्खलन, पावलाखाली ‘धप्प’ असा आवाज आणि पायापासून धावणारे तडे, ही त्याची भाषा. यांपैकी एकही खूण दिसली तर तो उतार सोडावा. ओलांडणे अटळच असेल तर एका वेळी एकानेच जावे, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

आमच्याकडे मोहिमेवरून परत फिरणाऱ्याला भित्रा म्हणण्याची खोड आहे. गावी परतल्यावर आप्तेष्ट व मित्रमंडळी काय म्हणतील, या धाकाने कित्येक पावले पुढे पडत असतील! ही खोड आपण श्रोत्यांनीच सोडली पाहिजे. शिखर पुढल्या वर्षीही तेथेच असते. हिम वाचून माघारी आलेल्या तरुणाचे स्वागत आपण शिखर जिंकणाऱ्याइतक्याच आदराने करू लागलो, तर काही घरांचे दिवे तरी त्यामुळे विझायचे राहतील.