नाकातला पाझर आणि रक्तातली साक्ष

आमच्या वडीगोद्रीत कुणाचं नाक महिनोन्‌महिने चोंदलेलं असलं, की लोक सांगतात, 'नाकातलं हाड वाढलंय.' पुष्कळदा हाड वाढलेलं नसतंच. नाकाचं आतलं मऊ अस्तर सुजून खाली लोंबत असतं. सोललेल्या द्राक्षासारखे दिसणारे हे फुगवटे म्हणजे पॉलिप. सुश्रुतसंहितेत नाकातल्या अशा वाढीला नासार्श म्हटलं आहे, इतकं हे दुखणं जुनं.

कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या मधल्या हाडांत ज्या पोकळ्या असतात, त्या सायनस. तिथली सूज 12 आठवडे टिकली, की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. अशा काही रोग्यांना पॉलिप होतात आणि त्यांची वास घेण्याची शक्तीच जाते. मी कवितेत रमणारा माणूस. मोसंबीच्या बहराचा, अत्तराचा वास गेला तर जगण्यातलं बरंच काही गेलं, असं मला वाटतं. पण स्वयंपाकघरात गॅस गळत असला तरी कळू नये, ही गोष्ट तर जिवाशीच येते.

'ऑपरेशन केलं, तरी पुन्हा आलं,' ही तक्रार नेहमी कानावर येते. का बरं येतं? जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून जातो. कालवा पाझरला की कडेचं रान चिबड होतं. तिथलं पिवळं पडलेलं पीक उपटून काय होणार? पाझर थांबला पाहिजे. नाकातही तसंच घडतं. जुनाट सुजेत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातलं पाणी व प्रथिनं बाहेर झिरपतात. त्यांतून फायब्रिनचं जाळं बनतं. ते नीट विरघळत नाही आणि पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांना पाझरायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन अमेरिकेतल्या संशोधकांना 1983 मध्ये कर्करोगाच्या गाठींचा अभ्यास करताना सापडलं. पॉलिपमध्येही ते वाढलेलं आढळतं. त्याची तपासणी मात्र अजून संशोधनापुरतीच आहे.

शरीरात काय चाललंय याची अशी मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. त्यातली एक खूण आपल्या रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्येही असते. ती म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या वाढलेल्या असल्या, तर पॉलिप पुन्हा येण्याची शक्यता अधिक. पण पोटात जंत झाले तरी याच पेशी वाढतात! म्हणून रिपोर्टला साक्षीदार समजावं. निवाडा दुर्बिणीतून नाक पाहणाऱ्या डॉक्टरांनी करायचा.

ऑपरेशनने वाट मोकळी होते आणि औषध आतपर्यंत पोचतं. पुढे डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा नियमाने घ्यावा लागतो. बरं वाटलं म्हणून तो मनानेच सोडला, की पाझर पुन्हा सुरू होऊ शकतो. सुजेचे निरोप वाटेतच अडवणारं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन 2019 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. त्याची किंमत मात्र कष्टकऱ्याच्या घराला झेपणारी नाही.

तेव्हा मंडळी, नाक एकाच बाजूने बंद असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर वेळ काढू नका. दमा आणि पॉलिप दोन्ही असतील, तर ॲस्पिरिनसारखी दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. काहींना तिने दम्याचा जोराचा झटका येतो. आणि घरात कुणी 'मला कशाचाच वास येत नाही' म्हणालं, तर सर्दी आहे म्हणून सोडून देऊ नका. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.