नवी परिचारिका आणि 'रेफर' केलेला रुग्ण

बदलापूर किंवा अंबरनाथचा रुग्ण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि तिथूनही पुढे कळव्याला किंवा मुंबईला पाठवला जाणे आपल्याला नवे नाही. 'रेफर केलं' हा शब्द तर आता मराठीच झाला आहे. रुग्णासोबत जो कागद जातो त्यावर सही डॉक्टरांची असते. पण इंजेक्शन किती वाजता दिले, ही नोंद परिचारिकेची.

ही नोंद तिला कोण शिकवते? जीएनएमची 3 वर्षे असोत की बीएस्सी नर्सिंगची 4, आधी पुतळ्यावर सराव, मग मेडिकल, सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती अशा वॉर्डांत पाळीपाळीने काम. केलेली प्रत्येक कृती वहीत लिहून शिक्षिकेची सही घ्यायची. पद्धत चांगलीच आहे, हात तयार होतो. मात्र वही एका वेळी एकच कृती मोजते.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. आरोग्य केंद्रातच दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम देऊन बाईला पुढे पाठवायचे, अशी पद्धत आहे. पुढचे 5 ग्रॅम 4 तासांनी. त्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान 16 आहे का, लघवी तासाला निदान 30 मिली होते का. यांतले एकही नसेल तर डोस थांबवायचा, कारण हे औषध जास्त झाले की श्वासच बंद पडू शकतो. कॅल्शियम ग्लुकोनेट हा त्यावरचा उतारा हाताशी हवा. सुई टोचायला विद्यार्थिनी शिकलेली असते. पण कागदावर पहिल्या डोसची वेळच नसेल, तर 4 तास मोजायचे कुठून?

शिक्षण आणि नोकरी यांतल्या या दरीला अमेरिकेतल्या मार्लीन क्रेमर यांनी 1974 च्या पुस्तकात 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटले. आपल्याकडे ती दरी आणखी रुंद होते, कारण मनुष्यबळ अपुरे असले की विद्यार्थिनी म्हणजे चादरी बदलायला आणि नमुने पोहोचवायला मिळालेले जादा हात. (चादर बदलणेही शिकावेच लागते, पण तीन वर्षे नव्हे!)

माझ्या मते शेवटच्या काही महिन्यांत तिच्याकडे चार-पाच रुग्ण पूर्ण पाळीभर, अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली सोपवावेत. पाळी बदलताना माहिती तिनेच द्यावी. रेफरच्या कागदावरचे औषध, मात्रा, वेळ, श्वास आणि लघवीचे प्रमाण तिनेच भरावे, आणि सिस्टरने ते तपासल्याशिवाय गाडी सुटू नये.