लाल माती आणि ताशी 100

रेडीची माती जड आहे. वेंगुर्ले तालुक्याच्या या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीजवळ, अनेक दशके लोहखनिज निघत आले. ज्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला आज गोवा, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या गाड्या येतात, तोही 1976 साली खाणीच्याच परिसरात सापडला. पावसाळ्यात ही लाल माती चपलांना लागते, भिंतींवर उडते, आणि एकदा वाळली की नखाने निघत नाही. मोटारीच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत, ती कशी बसते हे मात्र वाकून कोणी बघत नाही. स्टिअरिंग थरथरतंय असं कोणी म्हटलं की माझा पहिला संशय आता तिथे जातो. हे मला शिकवलं शिरोडा-सावंतवाडी रस्त्यावरच्या एका टायरवाल्याने.

पाऊस संपत आला होता. पुण्याच्या एका तरुणाची दोन दारांची बसकी स्पोर्ट्स कार दुकानात आली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. झाराप-पत्रादेवीच्या चौपदरी रस्त्यावर 90च्या पुढे स्टिअरिंग इतकं थरथरायचं की हाताला मुंग्या येत. वाटेत एके ठिकाणी त्याने बॅलन्सिंग करून घेतलं होतं. दोन दिवसांत थरथर परत आली, मग अलाइनमेंटही केली. काही फरक नाही.

टायरवाल्याने गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "खयच्या स्पीडाक सुरू होता? हाताक लागता काय बुडाक?"

या दोन प्रश्नांत अर्धं निदान आहे, असं मला मनापासून वाटतं. थरथर हाताला जाणवते तेव्हा दोष बहुधा पुढच्या चाकात असतो. सीटमधून जाणवते तेव्हा मागच्या. ठरावीक वेगातच येत असेल तर चाकाचं वजन किंवा गोलाई बिघडलेली. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही, तिथे टायरवाल्याचं कामच नाही. ॲक्सिलरेटर दाबताना वाढत असेल तर ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट बघायचे. सुरुवातीला थरथरून वीस-तीस किलोमीटरनंतर थांबत असेल, तर गाडी बराच काळ एका जागी उभी राहून टायर खालून चपटा झालेला असतो. चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. आणि अलाइनमेंट? गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असेल, तर ती लागते. थरथर तिने जात नाही. तरी लोक तिचे पैसे देत राहतात, याचं मला वाईट वाटतं.

तरुणाचं उत्तर स्पष्ट होतं: हाताला, 90 ते 110, ब्रेक न लावता. मग गाडी जॅकवर चढली आणि पुढची चाकं निघाली. टायरवाल्याने डाव्या चाकाच्या आत बॅटरीचा उजेड टाकून मला बोलावलं. रिमच्या आतल्या भिंतीवर वीतभर लांबीचा लाल थर होता. त्याच्या शेजारी, अर्धवट मातीवरच, चिकटवलेली नवी वजनं. म्हणजे आधीच्या ठिकाणी चाक मातीसकट मशीनवर चढवलं होतं. मशीनने मातीचं वजन धरून हिशेब केला, तो त्या दिवशी बरोबरही होता. पुढच्या सरीत थोडी माती धुऊन गेली आणि तीच वजनं आता दोष झाली.

एवढ्याशा मातीने काय होतं, याचा हिशेब मी तिथेच मांडून बघितला. पुढचा टायर 245/35, रिम 19 इंची. असं चाक ताशी 100 किलोमीटर वेगाला सेकंदाला साडेतेरा वेळा फिरतं. रिमच्या कडेला 30 ग्रॅम जास्त असतील तर त्या वेगाला ते चाकाला सुमारे पाच किलोच्या जोराने बाहेर ओढतात, दर फेरीला एकदा. 50च्या वेगाला हाच जोर सव्वा किलो भरतो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. शिवाय चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची हलण्याची लय सेकंदाला साधारण 10 ते 15 असते. चाकाची फेरी नेमकी तिथे पोचली की थरथर फुगते, पुढे वेग वाढला तर कधी कमीही होते. म्हणून 'खयच्या स्पीडाक' हा प्रश्न इतका मोलाचा.

साध्या गाडीत यातलं बरंचसं टायरच्या उंच भिंतीत आणि मऊ रबरी बुशांत विरून जातं. या गाडीच्या टायरची भिंत जेमतेम 86 मिलिमीटर, बुश कडक, स्प्रिंग ताठ. रस्ता हाताला कळावा म्हणूनच अशी गाडी बांधतात. मग दोषही तितकाच कळतो.

रिम पाण्याने, ब्रशने आतून धुतली. हबच्या तोंडावर, जिथे रिम टेकते तिथेही लाल पापुद्रा होता. तो वायर ब्रशने काढला. तो राहिला असता तर चाक किंचित तिरकं बसलं असतं आणि मशीनला ते कधीच कळलं नसतं. जुनी वजनं खरवडली. मशीनवर उजवं चाक आत 15, बाहेर 10 ग्रॅमवर आलं. वजन लावून शून्य. मग त्याने चाक शाफ्टवरून सैल केलं, अर्धं फिरवून पुन्हा कसलं आणि परत फिरवलं. तेव्हाही शून्य आलं, म्हणजे चाक मशीनवर मध्यभागी बसलं होतं. ही खातरजमा करायला मिनिटही लागत नाही, पण ती करणारे थोडे.

डावं चाकही शून्यावर आलं, पण टायरवाल्याचं समाधान झालं नाही. रिमच्या आतल्या कडेजवळ त्याने स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला आणि चाक हाताने हळू फिरवलं. एका जागी कडा टोकाकडे सरकली, मग मागे गेली. खड्ड्याचा मार. मशीन चाकाचं वजन सांगतं. गाडीचा भार घेऊन रस्त्यावर ते गोल फिरेल का, हे साध्या मशीनला दिसत नाही. टायरच्या भिंतीवर आतून-बाहेरून हात फिरवून फुगा शोधला. नव्हता. असता तर तो टायर तिथेच बाद.

एरवी असं चाक मागे टाकून बघतात: थरथर हातातून सीटमध्ये गेली की चोर सापडला. पण या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, अदलाबदल शक्य नाही. तरुणाने हातोड्याने कडा सरळ करून मागितली. टायरवाला नाही म्हणाला. अलॉय पोलादासारखी वाकत नाही. ठोकताना डोळ्याला न दिसणारी चीर जाते आणि ती वेगात उघडते.

दोघे चौपदरीवर जाऊन आले. 100ला हाताला बारीक गुणगुण उरली होती, मुंग्या नव्हत्या. रिम दुसरी घ्यायची, तोवर 80च्या आत चालवायची आणि डाव्या चाकाची हवा रोज बघायची, असं ठरलं. निघताना टायरवाल्याने चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा कसले आणि पुढे 50 ते 100 किलोमीटरवर कुठल्याही गॅरेजात तपासून घ्यायला बजावलं.