कल्पित नावांचा उच्चार कसा ठरतो?

जे गाव, जी व्यक्ती किंवा जो प्राणी प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही, त्याच्या नावाचा योग्य उच्चार कोणता, हा प्रश्न वरवर पाहता गमतीचा वाटतो. अद्भुतरम्य कथांवर आधारलेले भूमिकाप्रधान खेळ खेळणाऱ्यांना मात्र तो पदोपदी पडतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला व्यावसायिक खेळ मानला जातो. यात एक सूत्रधार कथा सांगतो, इतर खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि फाशांच्या दानावरून प्रसंगांचा निकाल लागतो. म्हणजेच हा खेळ मुख्यतः बोलण्याचा आहे. त्यातली नावे मात्र पुस्तकांतून, तीही रोमन अक्षरांतून खेळाडूंपर्यंत पोहोचतात. अडचणीचे मूळ इथेच आहे.

लिपीची अडचण

रोमन लिपीतले ‘ए’ हे एकच अक्षर अ, आ, ॲ आणि ए अशा निरनिराळ्या ध्वनींसाठी वापरले जाते. त आणि ट, द आणि ड यांतला भेदही या लिपीत दिसत नाही. दिल्लीच्या नैऋत्य भागातल्या द्वारका या उपनगराचेच उदाहरण घ्या. श्रीकृष्णाची नगरी आपल्याला परिचित असल्यामुळे आपण इंग्रजी पाटीवरही ‘द्वारका’ असेच वाचतो. ही कथा ठाऊक नसलेल्या परदेशी पाहुण्याने ते नाव ‘ड्वार्का’ असे वाचले, तर अक्षरांच्या दृष्टीने त्याचे फारसे चुकले, असे म्हणता येणार नाही. कल्पित नावे वाचताना आपण सर्वच त्या पाहुण्याच्या जागी असतो.

इंग्रजी वाचक असे नाव मनातल्या मनात संदिग्ध ठेवून पुढे जाऊ शकतो. मराठी अनुवादकाला ती सवलत नसते. देवनागरीत नाव लिहिताना ऱ्हस्व की दीर्घ, त की ट, याचा निर्णय त्याला आधीच घ्यावा लागतो आणि त्याचा निर्णय पुढे वाचकांचा उच्चार बनतो. म्हणूनच त्या निर्णयाला काही आधार असणे आवश्यक ठरते.

निर्मात्याने सांगितलेला नियम

पहिला आधार म्हणजे नावाच्या निर्मात्याचा शब्द. या खेळांवर ज्यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव आहे, ते जे. आर. आर. टोल्किन स्वतः भाषाशास्त्रज्ञ होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्यांच्या कादंबरीच्या १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात त्यांनी उच्चारांचे स्वतंत्र परिशिष्टच जोडले आहे. त्यानुसार ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी क असा होतो. त्यामुळे ‘सेलेबोर्न’ नव्हे, तर ‘केलेबोर्न’ हे रूप योग्य ठरते. र कोठेही असला, तरी तो स्पष्ट उच्चारायचा असतो. बुटक्यांच्या भाषेतल्या नावांत ‘के’ आणि ‘एच’ ही अक्षरे एकत्र आली, तर तिथे महाप्राण क, अर्थात आपला ख अभिप्रेत आहे. ‘खझाद-डूम’ या नावातला पहिला ध्वनी इंग्रजी वाचकाला समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाच्या तो तोंडातच असतो.

‘सॉरॉन’ असे अनेकदा वाचले जाणारे नावही टोल्किन यांच्या नियमानुसार ‘साउरॉन’ या उच्चाराच्या जवळ जाते. ते ‘सौरॉन’ असे लिहिले, तर मराठी वाचक औकाराचा उच्चार ‘अउ’ असा करील आणि मूळ ध्वनीच्या बराच जवळ पोहोचेल. दिल्लीकडच्या हिंदीत मात्र ‘कौन’, ‘और’ या शब्दांतला औकार ‘ऑ’कडे झुकतो. द्वारकेतल्या एखाद्या गृहसंकुलात मराठी आणि हिंदी भाषक मुले एकत्र खेळायला बसली आणि ‘सौरॉन’ हे एकच देवनागरी रूप दोघांसमोर ठेवले, तर दोन वेगळे उच्चार ऐकू येणे शक्य आहे. लिपी एक असली, तरी वाचण्याच्या सवयी प्रत्येक भाषेच्या असतात.

मूळ भाषेचा आधार

सर्वच नावे नव्याने घडवलेली नसतात. पाच मस्तकांच्या सर्पासुरीचे ‘तिआमत’ हे नाव बॅबिलोनच्या पुराणकथेतून आले आहे. ‘लिच’ या मृत मांत्रिकाच्या नावामागे प्रेत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची नावे मात्र आपल्याकडून गेलेली आहेत. १९७७ मधील ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात राक्षस आणि नाग यांचा समावेश होता. पुढे ‘देव’ या नावाचे देवदूतही आले. रोमन अक्षरांतून ही नावे परत येतात, तेव्हा शेवटच्या ‘ए’मुळे त्यांचे ‘राक्षसा’, ‘नागा’ आणि ‘देवा’ असे रूपांतर होते. हा केवळ काना वाढण्याचा प्रश्न नाही. ‘नागा’ म्हटले, की मराठी माणसाला नागा साधू किंवा ईशान्येकडील नागा लोक आठवतात, तर ‘देवा’ हे संबोधन आहे. अर्थच बदलत असेल, तर अशा ठिकाणी परदेशी उच्चाराचे अनुकरण करण्याचे काहीच कारण उरत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा संगणकीय साहसखेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. त्यातला खलनायक महाबलासुर आहे. हे नाव उच्चारण्यासाठी जगभरच्या खेळाडूंना आपल्याकडे पाहावे लागते.

एकमताची वाट

निर्मात्याने नियम सांगितला नसेल आणि मूळ भाषाही ठाऊक नसेल, तर खेळणाऱ्यांचे एकमत हाच आधार उरतो. ही अडचण ओळखून ‘ड्रॅगन’ मासिकाने जानेवारी १९८५ च्या ९३ व्या अंकात फ्रँक मेंटझर यांची उच्चार-मार्गदर्शिका छापली होती. तरीही मतभेद संपलेले नाहीत. भूमिगत राहणाऱ्या एका जमातीचे नाव बहुतेक जण ‘भाऊ’ या शब्दाशी यमक जुळेल असे ‘ड्राऊ’ म्हणतात, काही जण ‘ड्रो’ म्हणतात.

व्यवहारात तीन गोष्टी पाळल्या, तर पुरेसे आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी सूत्रधाराने मुख्य नावे एकदा मोठ्याने वाचावीत, ठरलेले उच्चार देवनागरीत लिहून ठेवावेत आणि कोणी वेगळा उच्चार केला म्हणून त्याला हसू नये. नवख्या खेळाडूचे तोंड बंद होते ते नाव अवघड असल्यामुळे नव्हे, तर हसू होईल या धास्तीने. आणि ज्या खेळात बोलायचेच असते, त्यात गप्प बसलेला खेळाडू खेळाबाहेरच राहतो.