अस्तर झडतं, पुरावाही झडतो

गर्भाशयाच्या अस्तराला जुनी सूज असली तरी बाईला बहुधा काही जाणवत नाही. ताप नसतो, फारसं दुखत नाही, सोनोग्राफीतही अनेकदा सगळं ठीक दिसतं. दिवस राहत नाहीत किंवा गर्भ वारंवार पडतो, म्हणून तपासण्या सुरू होतात, तेव्हा कुठे या सुजेचा संशय येतो.

मग अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली प्लाझ्मा पेशी शोधतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या या पेशी नेहमीच्या रंगात शेजारच्या पेशींमध्ये हरवतात. म्हणून त्यांच्यावरचं सीडी138 हे प्रथिन रंगवून बघतात; पण ते अस्तराच्या ग्रंथींवरही असतं. शिवाय किती प्लाझ्मा पेशी दिसल्या म्हणजे आजार, यावर जगात एकमत नाही. एका प्रयोगशाळेत निरोगी ठरलेली बाई दुसरीत रुग्ण ठरू शकते.

भारतात यात क्षयाची भर पडते. क्षयाचे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांत पोचतात आणि तिथून अस्तरात उतरतात. क्षयाची खूण असलेले पेशींचे पुंजके तयार व्हायला वेळ लागतो, आणि अस्तर तर दर पाळीला झडतं! त्यामुळे तुकडा पाळीच्या थोडा आधी घ्यावा लागतो. तरीही त्यात जंतू मोजकेच सापडतात. कल्चर करायचं, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायचे, तर त्यांना जिवंत ठेवायला हवं. सवयीने अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चरचा मार्गच बंद होतो. ते नीट लावलं, तरी जंतू नाहीत असं सांगायला 6 ते 8 आठवडे जातात.

पीसीआरचं उत्तर लवकर मिळतं. पण ही चाचणी जंतूचा डीएनए ओळखते. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. तेवढ्या एका अहवालावर धडधाकट बाईला 6 महिने टीबीच्या गोळ्या देणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या यकृताला इजा करू शकतात. उलट, खरा क्षय निसटला तर नलिका कायमच्या बंद होऊ शकतात. म्हणूनच पीसीआरचा अहवाल, लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, दिसलेलं चित्र आणि घरात कुणाला क्षय झाला होता का, हे सगळं एकत्र ठेवूनच निर्णय व्हायला हवा.

तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: तो पाळीच्या कितव्या दिवशी घेणार, आणि त्यातला काही भाग कल्चरसाठी सलाइनमध्ये ठेवणार का?